कापूसले भाव नही, मंग शेवले कसा? : एका शेव कारखान्याच्या भाववाढीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. तिथे एक गृहस्थ गेली अठरा वर्षं शेव पाडतात. त्यांना इथे अप्पा म्हणू. ओळख पटू नये म्हणून धंद्याचे आकडे थोडे सरकवले आहेत, आपसातलं प्रमाण मात्र तेच ठेवलंय. मी जळगावला छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची कामं बघतो. अप्पांची वही माझ्याकडे २०१७ पासून आहे.

अप्पांकडे पापडी, फरसाण सगळं मिळतं, पण खरा माल एकच: भाजीची जाड तिखट शेव. खानदेशाबाहेरच्या वाचकाला हे आधी सांगायला हवं की आमच्याकडे शेव ही चहाबरोबर तोंडात टाकायची वस्तू नाही, ती भाजी आहे. घरात भाजीपाला संपला, पाहुणा अवेळी आला, की काळ्या मसाल्याचा रस्सा उकळायचा आणि ताटात वाढताना वरून शेव सोडायची. म्हणजे हात आखडला की माणूस शेव सोडून देत नाही, उलट कधीकधी महाग भाजीऐवजी शेवेवर भागवतो. हे अप्पांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, पण भाव ठरवताना त्यांनी ते एकदाही हिशेबात धरलं नाही.

दोन कढया, चार माणसं, गल्ल्यावर वहिनी, टेम्पोवर पुतण्या. चांगल्या महिन्यात तीन हजार किलो माल जायचा. हॉटेल-ढाबेवाल्यांना आणि खेड्यांतल्या किराणा दुकानांना १६५ रुपये किलो, गल्ल्यावर १९५. सरासरी १७० पडायची. त्यातले १२४ रुपये किलोमागे खर्च: बेसन ७०, तेल ३२, आणि मसाला, गॅस, पाकीट, वाहतूक मिळून २२. राहिलेल्या ४६ रुपयांतून माणसांचे पगार, भाडं, लाइट यांचे महिन्याचे ७२ हजार भागवायचे. सगळं जाऊन घरी ६६ हजार यायचे.

अडचण

अडचण दोन दिशांनी आली, आणि दोन्हींची मुळं गावाबाहेर होती.

पहिली मागणीची. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या वर्षी शेतकऱ्यांनी तोच भाव पुन्हा येईल म्हणून कापूस घरात भरून ठेवला. ओसरीत, माजघरात, कुठे कुठे तर झोपायच्या खोलीत. भाव आला नाही, खाज तेवढी आली. २०२४-२५ ला लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये होता, पण खेडा खरेदीत व्यापारी त्याच्या बरंच खाली मागत होता. ज्या गावाचा पैसा कापसावर, त्या गावच्या किराणा दुकानात सप्टेंबरपासूनच सामसूम.

दुसरी खर्चाची. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं आयात शुल्क वाढवलं. एकूण शुल्क साडेपाच टक्के होतं, ते साडेसत्तावीस झालं. पंधरा किलोचा डबा अप्पांना पंधराशेला पडायचा, तो काही आठवड्यांत साडेएकोणीसशेवर गेला. बेसनही शंभराचं एकशेदहा झालं. किलोमागे १७ रुपये वाढले. १२४ चा खर्च १४१ वर.

या दोन्हींच्या मध्ये दिवाळी होती.

पहिला निर्णय: थांबायचं

शुल्क वाढलं त्या दिवशी गोडाऊनला चाळीस डबे जुन्या भावाचे पडून होते. अप्पांचं म्हणणं, "माझं तेल जुन्या भावाचं आहे, मग नवा भाव कोणत्या तोंडानं लावू?" ऐकायला हे प्रामाणिक वाटतं, आणि अप्पा आहेतच तसे. पण तो डबा संपला की दुसरा साडेएकोणीसशेचाच येणार होता. चाळीस डबे जुन्या हिशेबानं तळून त्यांनी अठरा हजार रुपये गिऱ्हाइकांत वाटून टाकले आणि नवा माल भरताना तेवढेच व्याजाने घेतले. महिना शेकडा दोननं.

मग दसरा आला. मी म्हटलं, आता वाढवा. ते म्हणाले, "सणात भाव वाढवला तर लोक वर्षभर नाव ठेवतील, भो." दिवाळीच्या महिन्यात चार हजार किलो माल गेला. कढया रात्री अकरापर्यंत पेटलेल्या असायच्या. किलोमागे दहा रुपये जरी वाढवले असते तरी चाळीस हजार आले असते. त्या महिन्यात गिऱ्हाईक फराळाच्या यादीत शेव लिहूनच घरून निघालेलं असतं, दहा रुपयांसाठी ते परत जात नाही.

इथे माझीही चूक झाली. मी फोनवर बोललो, कागद पुढे ठेवला नाही. अप्पांसारखा माणूस तोंडी सल्ला ऐकून घेतो आणि सोडून देतो. वहीत उतरलेला आकडा मात्र त्याला झोपू देत नाही.

वही उघडली तेव्हा

तुळशीचं लग्न झाल्यावर मी एक अख्खा दिवस त्यांच्याकडे बसलो. नोव्हेंबरचा माल २,४०० किलोवर उतरला होता. अप्पांचा हिशेब असा: पगार, भाडं, लाइट धरून किलोला खर्च १६५, भाव १७०, पाच रुपये सुटतात, दिवस काढू. पण त्यांनी ७२ हजारांचा वरखर्च अजून तीन हजार किलोंवरच वाटला होता. म्हणजे किलोला २४. माल २,४०० किलो गेला तर तोच वरखर्च किलोला ३० होतो, आणि खर्च १७१. पाच सुटत नव्हते, एक जात होता. महिन्याला २,४०० रुपयांचा तोटा.

मोठी गोष्ट पुढे सापडली. अप्पा म्हणत होते आपण भाव वाढवला नाही. प्रत्यक्षात ते दोन ठिकाणी रोज भाव कमी करत होते.

एक, उधारी. किराणा दुकानदारांकडे ४ लाख ६० हजार अडकले होते, म्हणजे सव्वादोन महिन्यांच्या वर. शेकडा दोनच्या व्याजाने १६५ च्या किलोवर साडेसात रुपये होतात. म्हणजे उधारीवाल्याला शेव १५७ ला पडत होती आणि रोख देणाऱ्याला १६५ ला. शिस्तीत पैसे देणारा महाग घेत होता. वर आणखी एक: रोख हातात नसल्यामुळे अप्पा स्वतः बेसन महिन्याच्या उधारीवर घेत, आणि जळगावचा डाळमिलवाला उधारीला किलोमागे दोन-अडीच रुपये जास्त लावतो.

दोन, झुकतं माप. मी गल्ल्याजवळ तासभर बसलो होतो. एक बाई पाव किलो शेव मागते. वहिनी कागदी पिशवी काट्यावर ठेवतात, एक मूठ, दुसरी मूठ, आकडा २५२ दाखवतो. पिशवी उचलता उचलता तिसरी अर्धी मूठ आत जाते, काट्याकडे न बघता. बाईचंही लक्ष नाही, ती सुट्टे पैसे शोधते आहे. असे दहा पुडे मी बाजूला घेऊन परत तोलले. पाव किलोमागे बारा ते पंधरा ग्रॅम जास्त. गल्ल्यावर महिन्याला चारशे किलो जातात, त्यातले वीस किलो असेच. जवळपास चार हजार रुपये, आणि ज्याला दिले त्यालाही कळलेलं नाही.

मंदीत छोटा दुकानदार "भाव वाढवला नाही" असं अभिमानाने सांगतो, तेव्हा मी आता आधी उधारीची वही मागतो.

कोणकोणते मार्ग होते

पुतण्याचं म्हणणं होतं भाव १५५ करू, माल डबल जाईल. किलोमागे हाती राहिले असते १४ रुपये. त्यातून ७२ हजार भागायला पाच हजारांवर किलो शेव लागते, आणि दोन कढयांतून चार हजारांपुढे माल निघतच नाही. हा मार्ग पाच मिनिटांत बंद झाला.

दुसरा मार्ग जास्त मोहाचा होता. पिवळा वाटाणा डिसेंबर २०२३ पासून बिनशुल्क आयात होत होता, त्यामुळे वाटाण्याचं पीठ बेसनाच्या निम्म्या भावात मिळत होतं. तीस टक्के मिसळलं तर किलोमागे दहा-अकरा रुपये वाचतात. अप्पांनी एक घाणा काढून पाहिला. शेव कढईतून सुरेख निघाली, रंगही बरा. मग वहिनींनी रस्सा केला आणि आम्ही तिघं जेवायला बसलो. शेव वरून मऊ झाली, आत कणी तशीच राहिली. चावताना दाताखाली लागायची. अप्पांनी ताट अर्धवट सोडलं. कायद्याचा प्रश्न होताच: मिश्र पीठ वापरलं तर पाकिटावर तसं छापावं लागतं, बेसनाची शेव म्हणून विकणं ही भेसळ झाली. पण खरं सांगायचं तर निर्णय कायद्याने नाही, त्या ताटाने झाला.

तिसरा मार्ग, अर्ध्या किलोच्या पाकिटात साडेचारशे ग्रॅम भरायचे. ५०० ग्रॅम छापलेली वीस किलो पाकिटं पडून होती आणि पुतण्याला ती वाया घालवायची नव्हती. मी स्पष्ट नाही म्हटलं. वजन कमी करायला कुणाची मनाई नाही, पण मग पाकिटावर खरं वजन, कमाल किंमत आणि ग्रॅममागचा भाव, तिन्ही नव्याने छापावं लागतं. छापील वजनापेक्षा माल कमी भरणं म्हणजे सरळ वजनमापवाल्यांना घरी बोलावणं.

चौथा मार्ग, भाव वीस रुपयांनी वाढवायचा. अप्पांना याचीच सर्वांत जास्त धास्ती: "गिऱ्हाईक तुटेल." मी विचारलं, किती तुटेल? या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नसतं. किती तुटलं तर चालेल, याचं मात्र वहीत होतं. सरासरी भाव १९० झाला तर किलोमागे ४९ रुपये हाती राहतात. आत्ताच्या २,४०० किलोंवर जेवढं पदरात पडतं, तेवढंच १,४२० किलोंवर पडलं असतं. म्हणजे शंभरातली चाळीस गिऱ्हाइकं गेली तरी अप्पा आजच्यापेक्षा वाईट स्थितीत जात नव्हते. अप्पांनी तो आकडा तीनदा स्वतः काढून पाहिला. मग पुतण्याला दिला. मग मला म्हणाले, "आणि चाळीस नाही गेली तर?"

काय केलं

सरसकट वीस रुपये वाढवले नाहीत. गिऱ्हाइकांचे तीन कप्पे पाडले, कारण तिघांची गरज वेगळी होती.

ढाबेवाले महिन्याला आठशे किलो घेत. एका प्लेटला साठ-सत्तर ग्रॅम शेव लागते, म्हणजे किलोमागे वीस रुपये वाढले तरी प्लेटमागे सव्वा-दीड रुपया. त्यांना भावापेक्षा रोज तोच तिखटपणा आणि वेळेवर टेम्पो हवा असतो. त्यांना १८५ लावले. एकानेच कुरकुर केली.

किराणा दुकानांत एक फरक पुतण्याने दाखवला. मला तो वहीत दिसला नव्हता, कारण वहीत गावांची नावं होती, पिकं नव्हती. विहिरीच्या पाण्यावरची केळीची गावं जवळजवळ रोखीने घेत होती. केळीचा पैसा बारा महिने थोडाथोडा येत राहतो. थकबाकी सगळी कोरडवाहू कापसाच्या गावांची. म्हणून दोन भाव ठरले: सात दिवसांत पैसे दिले तर १८२, उधारीवर १९०. मधले आठ रुपये दंड म्हणून नव्हते, जे व्याज आजवर अप्पा गुपचूप भरत होते तेच उघड केलं. जुनी बाकी हप्त्याने, पण नवा माल घेताना दर वेळी काहीतरी जमा झालीच पाहिजे.

गल्ल्यावर २१० केले आणि दहा रुपयांचं ४५ ग्रॅमचं पाकीट काढलं. माप झुकतंच ठेवलं, पण पद्धत बदलली: आधी २४० वर थांबायचं, मग गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत वरून चिमूट-चिमूट घालत २५५ पर्यंत न्यायचं. आधी पंधरा ग्रॅम कुणाला न दिसता जात होते, आता पाच ग्रॅम दिसून जातात. वहिनींना हे शिकायला दोन आठवडे लागले. हाताची सवय तोंडाच्या सवयीपेक्षा हट्टी.

पहिला बाजार वाईट गेला. बाजाराच्या दिवशी एक म्हातारबा गल्ल्यावर आले, भाव ऐकला आणि म्हणाले, "कापूसले भाव नही, मंग शेवले कसा भाव?" आजूबाजूची चार माणसं हसली. अप्पांकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नसतं. त्या रात्री त्यांचा फोन आला की उद्यापासून जुना भाव लावतो. आम्ही आधीच ठरवलं होतं की चार बाजार होईपर्यंत भावाला हात लावायचा नाही, आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर पेनाने एक आकडा लिहिला होता: ३३०, म्हणजे त्या १,४२० किलोंचा आठवड्याचा वाटा. आठवड्याचा माल त्याच्या खाली गेला तरच परत बसायचं. पहिल्या आठवड्यात ३९० किलो गेले, दुसऱ्यात ३७०. अप्पा रोज तो आकडा बघत. तिसऱ्यात ४४०, चौथ्यात ४८०. भिंतीवरचा आकडा नसता तर दुसऱ्या आठवड्यातच माघार झाली असती, याबद्दल मला शंका नाही.

निष्पत्ती

अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सुमाराला, एप्रिल २०२५ ला, हिशेब केला. महिन्याचा माल २,१२० किलो. ढाबे ७६०, किराणा ९०० (त्यातले ६५० रोखीचे), गल्ला आणि छोटी पाकिटं मिळून ४६०. घरी येणारी रक्कम तीस हजारांच्या आसपास. जुन्या ६६ हजारांच्या निम्मीही नाही. भाववाढीने मंदी पळाली नाही, तोटा थांबला.

थकबाकी मात्र ४ लाख ६० हजारांवरून २ लाख २० हजारांवर आली. तो पैसा हातात आल्यावर अप्पा डाळमिलवर रोखीने बेसन घेऊ लागले, महिन्याला साडेतीन हजारांवर तिथेच सुटतात. शेकडा दोनचं कर्ज फिटलं.

तीन दुकानदार तुटले. तिघेही उधारीवाले, तिघांकडे मिळून पंचेचाळीस हजार बाकी. एक पुढे परत आला, कारण नव्या मालवाल्यानेही दिवाळीची उधारी मागायला सुरुवात केली. दुसरा गेली दोन वर्षं अप्पांच्या घरच्या लग्नकार्याला येणारा माणूस होता, तो आता रस्त्यात दिसला तर बाजूने जातो. हा खर्च मी कोणत्या रकान्यात लिहू?

दहा रुपयांचं पाकीट खपलं, पण फसवं निघालं. निम्मा माल आधी पाव किलो नेणाऱ्यांचाच होता. पाकीट भरायला माणूस गुंतला तो वेगळाच.

३० मे २०२५ ला कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क साडेसोळा टक्क्यांवर आलं. काही दिवस तेल उतरलं, तसे ढाबेवाले भाव कमी करा म्हणून मागे लागले. अप्पांनी किलोचा भाव हलवला नाही. छोट्या पाकिटात ४५ चे ५० ग्रॅम केले, पाकीट नवं छापून, आणि सात दिवसांत पैसे देणाऱ्या ढाब्याला किलोमागे तीन रुपये सूट दिली. सूट काढून घेता येते, उतरवलेला भाव चढवताना पुन्हा तो म्हातारबा उभा राहतो.

वेगळं काय करता आलं असतं

शुल्क वाढलं त्याच आठवड्यात पाच रुपये, दसऱ्याला आणखी सात, दिवाळीनंतर उरलेले. तीन पायऱ्या. एकदम वीस वाढल्यामुळे गावात त्याची बातमी झाली. पाचाची होत नाही.

रोख-उधारीचे दोन भाव मंदीच्या आधीच असायला हवे होते. दुकानदाराची पेटी रिकामी असताना त्याला शिस्त लावायला गेलं की तो दुखावतो. कापूस दहा हजारांवर होता तेव्हा हेच हसत मान्य झालं असतं. आणि उधारी गावागावाने न बघता पिकाप्रमाणे बघायची, हे पुतण्याचं शहाणपण मी आता माझ्या बाकीच्या दुकानदारांच्या वह्यांतही वापरतो. १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी उठलं, तेव्हा अप्पांनी पोळ्याच्या तोंडावरच कापसाच्या गावांची उधारीची मर्यादा खाली आणली. मला न विचारता.

चुकलं असं मला आजही वाटतं ते एक: जे तीन दुकानदार तुटले त्यांच्याकडे अप्पांनी आधीच स्वतः जायला हवं होतं. आम्ही पुतण्याच्या हाती छापील कागद पाठवला.

आत्ताचा पेच

२२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. अप्पांना त्याचा फायदा नाही, ते जीएसटीच्या छोट्या धंद्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेत आहेत, उलाढालीवर सरसकट एक टक्का भरतात. पण मोठ्या कंपन्यांची पाकिटं स्वस्त झाली, आणि गल्ल्यावर मुलं ती मागू लागली.

कंपोझिशनची दुसरी अट जास्त टोचते: राज्याबाहेर माल विकता येत नाही. बऱ्हाणपूर अप्पांना मुंबईपेक्षा किती जवळ, पण ते मध्य प्रदेशात. साध्या नोंदणीत गेलं तर दार उघडतं. मात्र ५ टक्के कर भावातूनच द्यावा लागेल, खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळेल ती मुख्यतः तेलावरची, कारण बेसनाच्या २५ किलोंवरच्या गोणीला करच नाही. माझ्या हिशेबाने महिन्याला दहा हजार जास्त जातील. बऱ्हाणपूरला अडीचशे किलो शेव गेली तर ते भरून निघतील, त्यापुढचा पैसा अप्पांचा.

अडीचशे किलो जाईल का, हे वहीत नाही. गेल्या रविवारी पुतण्या पाच किलो शेव नमुना म्हणून तिकडच्या तीन ढाब्यांवर फुकट देऊन आला. दोघांनी अजून काही कळवलं नाही. तिसऱ्याने विचारलंय, तिखट थोडं कमी करता येईल का. अप्पा त्यावर दोन दिवस गप्प आहेत.